देवमनचं शेवटचं कुशल कर्म

देवमन वाकून पाटीत दगड भरत होता. पाटी भरली तसा त्याने दोर दोनदा हिसकला, वर शेषरावने बैल हाकले आणि चाक करकरत पाटी वर निघाली. विहीर तोवर चार पुरुष खोल गेली होती. आभाळ वर परातीएवढं दिसायचं. देवमनने हात धोतराला पुसले, माझ्याकडे बघून हसला आणि एक गोष्ट बोलला.

ती गोष्ट मी आत्ता सांगत नाही. सांगेन, पण माझ्या वेळेने. ऐकून मी काय केलं ते आधी सांगतो. पायाशी नुकताच फोडलेला काळा दगड पडला होता, दोन्ही हातांत मावेल एवढा. तो उचलला आणि देवमनच्या डोक्यात घातला.

पहिल्या घावाला तो नुसता "अबे" म्हणाला. चुकून पायावर पाय पडला की म्हणतो तसं. दुसऱ्या घावाला खाली बसला. आवाज फारसा झालाच नाही. एवढा मोठा राग आणि एवढासा आवाज. रक्त कानामागून उतरलं, बंडीत शिरलं आणि मग तळच्या गढूळ पाण्यात टपटपायला लागलं. माझे हात तिसऱ्यांदा वर गेले होते. तो माझ्याकडे बघत होता. त्या नजरेला बघून मी थांबलो, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी थांबलो ते वरून शेषरावची हाक आली म्हणून.

"काय झालं बे? गप कायले झाले?"

मी दगड ढिगात टाकला आणि रक्ताची बाजू खाली केली. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात. खोटं आहे. मला सगळं लख्ख दिसत होतं.

"देवमनले लागलं!" मी ओरडलो. "दोर सोड!"

मग त्याला माझ्या फेट्याने माझ्याच पाठीला बांधलं, दोराला धरलं आणि बैलांनी आम्हा दोघांना वर ओढलं. कातळाला घासून माझे कोपर सोलले. त्याचं डोकं माझ्या मानेवर पडलेलं, त्याचं रक्त माझ्या छातीवरून खाली. तोवर काठावर वस्ती जमली होती. लोकांनी तेच पाहिलं. वामन तेलगोटेने देवमन खंडारेला पाठीवर बांधून वर काढलं, असं अख्ख्या वस्तीने पाहिलं.

अठ्ठ्याहत्तर सालचा चैत्र. वाशीमच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. वस्तीत विहार उभा राहायचा होता आणि त्याला लागून विहीर. घरटी एक माणूस श्रमदानाला यायचा, पण कातळ लागल्यावर एकेक करत सगळे गळाले. उरलो आम्ही तिघं. घन मारायला मी, दगड भरायला देवमन आणि वर दोरावर शेषराव. शेषराव गवई म्हणजे वस्तीतला सगळ्यात गरीब जीव. एका डोळ्याने अधू, कुणी शिवी दिली तरी "हो भाऊ" म्हणणारा.

आणि देवमन? देवमनचं काय सांगू! विहाराला जागा दिली देवमनने, स्वतःच्या घराची अर्धी. पोरांना पाटी-पेन्सिल देवमनची. बाळंतीण अडली, बैलगाडी देवमनची. गावात कुणाची म्हैस व्याली तरी लोक देवमनचं नाव घेतील, असं मी माझ्या बायकोला म्हणायचो आणि ती हसायची नाही.

दर पौर्णिमेला भन्ते सुमेध यायचे. पूर्वी रेल्वेत गँगमन होते, चीवर घेतल्यावरही हात तसेच राठ. वंदना झाली की ते विचारायचे, या महिन्यात कुणी काय चांगलं केलं? कुणीतरी उठून सांगायचं आणि सगळ्यांनी हात जोडून तीनदा म्हणायचं, साधू, साधू, साधू. याला अनुमोदन म्हणतात. भन्ते सांगायचे, "शेजारच्या घरात भाजीला फोडणी पडली की वास आपल्याही घरात येतो. आपण फोडणी दिली नाही, तेल आपलं नाही, तरी तोंडाला पाणी सुटतं. दुसऱ्याच्या पुण्याचं तसंच आहे. मनापासून आनंद झाला की त्यातलं तुम्हालाही मिळतं. फक्त नाक दाबून बसू नका."

मी नाक दाबून बसणाऱ्यांतला. महिन्यामागून महिने देवमनच्या नावाचा साधुकार चालायचा आणि मी नुसते ओठ हलवायचो. घन उचलायला वामन आणि साधुकार घ्यायला देवमन! तेरा महिने कातळ मी फोडला होता. माझे तळहात बघून दवाखान्यातल्या नर्सने विचारलं होतं, भाजलं का म्हणून. त्या तेरा महिन्यांत कुणी उठून माझं नाव घेतलं नाही.

तर देवमनला गाडीत घातलं. गाडी शेषरावची, त्याचेच बैल तिथे हाताशी होते म्हणून. तालुका बारा मैल. मी मागे बसून देवमनचं डोकं मांडीवर धरलं होतं, कारण लोकांनी माझ्याच मांडीवर ठेवलं. पंचफुला, त्याची बायको, शेजारी बसून ओल्या पदराने रक्त टिपत होती. वाटेत तो दोनदा शुद्धीवर आला आणि दोन्हीदा त्याचे डोळे माझ्यावर थांबले. मला वाटलं, आता बोलतो. आता तोंड उघडतो आणि मी संपतो. माझा हात त्याच्या कपाळावर होता. जरा खाली सरकवला असता तर नाक-तोंड झाकलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, एकदा नाही, बारा मैल येत राहिला. पंचफुला होती म्हणून तो हात तिथेच राहिला.

शेषराव पुढे बैल हाकत रडत होता. "माह्या पाटीतला दगड पडला का रे वामन? म्या नीट पाह्यलं नाई का?"

"मले काय माहीत?" मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

दवाखान्याशी पोचल्यावर शेषरावने देवमनला पाठुंगळी घेतलं आणि आत नेलं. मी बैल धरून बाहेर उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार जबाब घ्यायला आला. मी दाराच्या चौकटीत उभा. पळून जायचं ठरवलं होतं, पण दाराबाहेर बळीराम उभा होता, देवमनचा धाकटा भाऊ. बळीराम म्हणजे नुसता अंगार. लहानपणी कुत्रा चावला तर उलट कुत्र्याला चावलेला पोरगा. त्याच्या हातात भावाची रक्ताने कडक झालेली बंडी होती.

जमादाराने विचारलं, "कसं लागलं?"

देवमनच्या डोक्याला भलंमोठं बँडेज, एक डोळा सुजून बंद. दुसऱ्या डोळ्याने त्याने आधी मला शोधलं.

"काठचा दगड सुटला," तो म्हणाला.

"नक्की? कोणाशी भांडण-बिंडण?"

"नाई."

"खाली कोण होतं?"

"वामन. त्यानंच मले पाठीवर बांधून वर आनलं. लय दम हाये लेकात. लिहा तुमी ते बी."

जमादाराने लिहून घेतलं. आता तुम्हाला वाटेल, माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल. नाही आलं. आधी फासाचा दोर गळ्यातून निघाल्यासारखं झालं आणि पाठोपाठ असा संताप चढला की दात करकरले. मरताना सुद्धा हा पुण्यच करून जातोय! मी त्याचं डोकं फोडलं आणि त्यातूनही साधुकार हाच घेऊन जाणार! मी हे त्या दारात उभं राहून मनात म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं होतं म्हणून सांगतो.

दुपारी तो गेला.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की असं होतं. देवमनने काठाचं नाव घेतलं, म्हणजे कुणावर आळ येऊ नये. पण विहिरीचा काठ आम्ही आठवड्यापूर्वीच चुन्यात बांधून पक्का केला होता. तिथून खडा सुटणं शक्य नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर त्याला ते आठवलं नाही. बळीरामला आठवलं. मयत घरी आणायच्या आधीच तो विहिरीशी गेला, लोखंडी पहार, आमच्याकडची सब्बल, घालून काठ सगळीकडून ठोकून बघितला आणि परत आला.

"काठ जागचा हालला नाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मंग दगड आला कोठून? वर पाटी होती. पाटी कोनाची?"

पाटी शेषरावची.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून परत येताना बळीरामने शेषरावला धरलं. नाल्याच्या उतारावर, भर दुपारी. आधी थोबाडीत मारली. शेषराव पडला तसा त्याचे केस धरून तोंड वाळूत घासलं. मग बाभळीचा फोक तोडला आणि तो फोक मोडेपर्यंत मारलं. शेषरावने हात मध्ये घातला नाही. तो एकच म्हणत होता, "मार भाऊ. म्याच मारलं देवमनले. मार." त्यामुळे बळीराम आणखीच भडकला. त्याने शेषरावच्या उजव्या हाताचा पंजा दगडावर ठेवला, दोर धरायचा तो पंजा, आणि टाचेने ठेचला. बोटं मोडल्याचा आवाज मी दहा पावलांवरून ऐकला.

"कोनी बोलत कायले नाई?" बळीराम आमच्याकडे वळून ओरडला. "तुमचा नव्हता का तो? वामन! तुह्या पाठीवर रगत सांडलं त्याचं. तुले काईच वाटत नाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढे गेलो आणि शेषरावच्या बरगडीत लाथ घातली. अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने घातली. आत काहीतरी कडकन झालं. शेषरावने त्या एका चांगल्या डोळ्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "हो भाऊ."

त्या दिवशी देवमनला मारलं तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो.

पुढचे सहा दिवस असेच गेले. शेषरावच्या झोपडीची कवाडं बळीरामने जाळली. बैल सोडून हाकलून दिले. वस्तीतल्या बायांनी शेषरावच्या घरी पाणी देणं बंद केलं. पोरं दगड मारायची. शेषराव दारात बसून राहायचा, ठेचलेला हात मांडीत धरून, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा की म्या नीट पाह्यलं नाई. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. पाटीतून दगड निसटताना आपण पाहिला, असंही तो चौथ्या दिवशी सांगायला लागला.

मी रोज त्याच्या दारावरून विहिरीकडे जायचो. ढिगात तो दगड होता. सहाव्या दिवशी तो काढून नाल्यात फेकला.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं. आमच्यात माणूस गेला की तेरावं-चौदावं नसतं; भन्ते येतात, त्रिशरण-पंचशील होतं, तांब्यातून वाटीत पाणी ओततात, वाटी भरून वाहू देतात आणि गेलेल्याच्या चांगल्या कर्मांचं अनुमोदन करतात. विहाराच्या अर्धवट भिंतींवर मांडव घातला होता. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, शेजारी देवमनचा फोटो नव्हता म्हणून कागदावर त्याचं नाव लिहून टाचलेलं. पंचफुला पांढरं लुगडं नेसून पुढे बसली होती. वाटीवर हात धरायला तिच्या शेजारी बळीराम. मांडवाच्या खांबाला ती सब्बल टेकून ठेवलेली; खांब रोवायला सकाळी वापरली होती.

पाणी वाहून झालं. भन्ते म्हणाले, "ज्याला ज्याला देवमनचं एखादं कुशल कर्म ठाऊक असेल, त्यानं उठून सांगावं. ऐकणाऱ्यांनी मन मोकळं ठेवावं."

लोक उठायला लागले. कुणी गाडीचं सांगितलं, कुणी पाटी-पेन्सिलीचं. प्रत्येकाला साधू, साधू, साधू. मांडव घुमत होता आणि मी ओठ हलवत होतो. मग मागून एक घोगरा आवाज आला.

"मले बी सांगाचं हाये."

शेषराव. मांडवाच्या बाहेर उन्हात उभा, एका हाताने बरगडी दाबून. तोंड सुजून काळं-निळं, पुढचे दात गेलेले.

"निंघ अथून," बळीराम म्हणाला.

"एवढं सांगतो अन् जातो भाऊ. त्या दिशी दवाखान्यात मी त्याले पाठुंगयी घेतलं होतं. त्यानं माह्या कानात म्हनलं, शेषराव, तुह्यी काईच चूक नाई, ध्यानात ठेव." शेषराव रडायला लागला. "म्या त्याले मारलं अन् त्यानं मले माफ केलं. असं कोनी करते का? मले ते सांगाचं होतं."

त्या मांडवात मला एकट्याला कळत होतं की ती माफी नव्हती. देवमनने त्याला सरळ खरं काय ते सांगितलं होतं, आणि या खुळ्याने त्याचं अनुमोदन करायला मार खात इथवर चालत यायचं ठरवलं होतं.

बळीराम उठला. वाटी लाथेने उडाली. खांबाची सब्बल त्याने उचलली, लोकांवरून ओलांडत मागे गेला आणि शेषरावला पायाने खाली पाडलं. "माफ केलं? माह्या भावाचं नाव तुह्या तोंडानं घेतं?" भन्ते "बळीराम!" म्हणून ओरडले. दोघा-तिघांनी त्याला धरायचं केलं, त्याने झटकून दिलं. सब्बल दोन्ही हातांनी वर गेली. शेषरावने डोळे मिटून घेतले, डोकं मात्र हलवलं नाही.

दोन्ही हातांनी वर गेलेलं वजन खाली कसं येतं, ते माझ्याइतकं त्या मांडवात कुणाला माहीत नव्हतं.

"मले सांगाचं हाये!" मी ओरडलो. "देवमनचं एक कर्म मले सांगाचं हाये!"

आवाज असा निघाला की बळीरामही थांबला. मी उठून उभा राहिलो.

"देवमन खोटं बोलला," मी म्हटलं. "जमादारापाशी खोटं बोलला. काठचा दगड सुटला नाई. पाटीतला बी पडला नाई. म्या मारला. दोनदा मारला. दगड म्या नाल्यात फेकला, जाऊन पाहा. त्याले सगळं ठाव होतं. माह्याकडे पाहून तो खोटं बोलला. मले फाशी होऊ नये म्हनून. हे त्याचं कर्म हाये. याच्यापेक्षा मोठं दुसरं कोनालेच माहीत नाई."

बळीराम माझ्याकडे कधी पोचला ते कळलं नाही. सब्बल त्याने टाकून दिली असावी, कारण मी आज जिवंत आहे. पहिली बुक्की जबड्यावर बसली आणि जबडा मोडला. मी पडलो. तो छातीवर बसला आणि मारत राहिला. डोळ्यात, नाकावर, तोंडावर. तोंडात रक्त आणि दात एक झाले. मी हात मध्ये घातला नाही. ते शेषरावकडून शिकलो होतो.

"बळीराम, थांब," पंचफुला म्हणाली. ती ओरडली नाही, पण तो थांबला. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "कायले मारलं? काय केलं होतं त्यानं तुह्यं?"

मी थुंकलो. बोलायला येत नव्हतं, एकेक शब्द तोंडातून ढकलावा लागत होता.

"काईच नाई केलं. तो हासला. अन् म्हनला, 'वामन, या पुनवेले मी भन्तेले सांगतो. अवंदा साधुकार तुह्या नावाचा. इहीर तुह्या हातानं झाली, म्या निस्ती जागा देली. सगळ्यात मोठ्यानं मी म्हनीन पाह्य.'"

पंचफुला माझ्याजवळच मातीत बसली.

"मले वाटलं, भीक देऊन राह्यला," मी म्हटलं. "मले वाटलं, माह्या कामाचा साधुकार बी आता यानंच वाटाचा."

झालं, सांगितलं. तेरा महिने ज्याची वाट बघितली ते तो देत होता आणि देतानाच्या त्याच्या आनंदाला मी दगड घातला. त्याला माझ्या कामाचा आनंद झाला होता. निव्वळ आनंद. माणसाला असा आनंद होऊ शकतो, हेच मला खरं वाटलं नव्हतं.

मग म्हातारे नागोजी म्हणाले, "भन्तेजी, पन खोटं बोलला तो. चौथं शील मोडलं. त्याच्यापायी शेषरावचा हात गेला. याले कुशल कर्म म्हनाव का?"

सगळे भन्तेंकडे बघायला लागले. भन्तेंनी खाली सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "ज्याचं नुकसान झालं त्याला विचारा."

शेषराव अजून उन्हातच पडला होता. दोघांनी उठवून बसवलं. त्याला आधी नीट कळेचना. "मंग म्या नाई मारलं?" त्याने तीन-चारदा विचारलं. "माह्या पाटीतला नव्हता?" नाही, नव्हता, असं लोक त्याला सांगत होते आणि सांगताना त्याच्या नजरेला नजर देत नव्हते. मग त्याने ठेचलेला पंजा उचलून चांगल्या हाताला जोडला. बोटं सरळ होत नव्हती, तरी जोडला.

"देवमननं मानूस वाचवला," तो म्हणाला. "साधू, साधू, साधू."

एकेक करत लोकांनी म्हटलं. बळीरामने म्हटलं नाही. तो खांबाला डोकं टेकून हुंदके देत होता. मीही म्हटलं. जबडा मोडलेला, शब्दाला आकार नव्हता, पण त्या दिवशी नुसते ओठ हलवले नाहीत.

पुढे जमादार आला, कोर्ट झालं, सात वर्षं तुरुंगात गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते त्या दुपारचंच राहिलं आहे.

लोक मला बांधायला दोर शोधत होते. तेवढ्यात शेषराव पुन्हा बोलला. हात त्याने सोडलेच नव्हते. माझ्याकडे बघत होता.

"अन् वामन खरं बोलला," तो म्हणाला. "त्याले कोनी धरलं नव्हतं. आपल्या मनानं बोलला. साधू."

कुणी साथ दिली नाही. दोर शोधणारा तिथेच थबकला.

"साधू," शेषराव म्हणाला. आणि तिसऱ्याला त्याचा श्वास अडकला. बरगडी दाबून तो वाकला, खोकला आणि रक्ताची लाळ हनुवटीवर आली. ती बरगडी कोणी मोडली होती हे त्याला माहीत होतं. तोंड उघडत होता, आवाज येत नव्हता.

पंचफुला उठली. तांब्यात तळाशी पाणी उरलं होतं. उडालेली वाटी तिने मातीतून उचलली, लुगड्याला पुसली, पाणी ओतलं आणि माझ्या अंगावरून ओलांडून शेषरावच्या पुढ्यात जाऊन बसली. वाटी त्याच्या ओठांना लावली.

"पे," ती म्हणाली. "अन् पुरं कर. अर्धं ठेवू नको."

शेषराव पाणी प्याला आणि तिसऱ्यांदा म्हणाला. पंचफुलाने स्वतः साधू म्हटलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पण त्याचं म्हणून होईपर्यंत ती वाटी धरून तिथेच बसून राहिली.